कुणाचा उजवा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. एमबीबीएसचं पहिलं वर्ष, डिसेक्शन हॉल, फॉर्मॅलिनचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. टेबलावर देह उताणा ठेवलेला. सरांनी मला टेबलाच्या पायथ्याशी उभं केलं आणि म्हणाले, ''याच्या उजव्या पायाला हात लाव.'' माझ्या उजव्या हातासमोर जो पाय होता, त्याला मी हात लावला. सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, ''कुणाचा उजवा?''

मी चुकीच्या पायावरचा हात उचलून बरोबर पायावर ठेवला. चूक दुरुस्त व्हायला एक क्षण लागला. पुढे पस्तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवताना दर जूनमध्ये मी तोच प्रश्न नव्या मुलांना विचारत आले, आणि दरवर्षी माझी खात्री वाढत गेली की वैद्यकाचा पाया रसायनात नाही, यंत्रांत नाही, तो या दोन शब्दांच्या प्रश्नात आहे.

डावं-उजवं आपण रोज बोलतो, पण ते कुणाच्या बाजूने मोजायचं याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. वर्तमानपत्रात सत्काराचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'डावीकडून'. ते डावं वाचणाऱ्याचं असतं, फोटोतल्या माणसांचं नसतं. शाळेत कवायत घेणारे मास्तर मुलांसमोर तोंड करून उभे राहतात आणि 'उजवा हात वर' म्हणताना स्वतःचा डावा वर करतात, म्हणजे मुलांना आरशात पाहिल्यासारखं अनुकरण करता येतं. पण उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो तेव्हा आपण काय करतो? प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची सोंड उजवीकडे वळलेली आहे असं सगळे सांगतात. समोर हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताला ती आपल्या डाव्या हाताकडे वळलेली दिसते. ती उजवी आहे गणपतीच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे. मूर्ती घडवणारा आणि पूजा करणारा, दोघेही नकळत देवाच्या जागी उभं राहून दिशा सांगतात.

आणि नदी. नीरा डावा कालवा, नीरा उजवा कालवा ही नावं आपल्या कानांवरून शेकडो वेळा गेली असतील. काठावर उभं राहिलं तर कुठला काठ डावा? पाटबंधारे खात्याचा नियम सोपा आहे : नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करायचं, मग जो डाव्या हाताला येईल तो डावा काठ. थोडक्यात, नदीचं तोंड समुद्राकडे मानायचं आणि तिच्या अंगाने बघायचं. तुम्ही पुलावर कुठे उभे आहात याच्याशी नदीला कर्तव्य नाही. डॉक्टरांचं शास्त्रही हेच करतं. उजवा म्हणजे रुग्णाचा उजवा, नेहमी, कुठल्याही अपवादाशिवाय. एक्स-रे बघताना, सीटी स्कॅन बघताना फिल्मच्या डाव्या बाजूला रुग्णाचा उजवा भाग असतो, जणू तो आपल्यासमोर तोंड करून उभा आहे. सीटीचे आडवे काप तर असे मांडलेले असतात, की रुग्ण उताणा झोपला आहे आणि आपण त्याच्या पायांकडून वर बघतो आहोत. मला सरांनी जिथे उभं केलं होतं, नेमकं तिथूनच.

पण उजवं-डावं ही फक्त एक जोडी झाली. वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर यांचं काय? इथे अडचण अशी की माणूस स्थिर नसतो. तो झोपतो, वाकतो, हात उंचावतो, मांडी घालून बसतो. 'कोपराच्या वर' म्हटलं तर हात डोक्यावर नेलेल्या माणसाचा कोपराच्या वरचा भाग कोणता? त्याचा दंड की मनगट? म्हणून शरीररचनाशास्त्राने एक उभं राहणं ठरवून घेतलं आहे. ताठ उभं राहायचं, नजर समोर, पावलं जवळ आणि बोटं पुढे, हात अंगालगत खाली सोडलेले, आणि तळहात समोरच्याला दिसतील असे पुढे वळवलेले. देह प्रत्यक्षात कसाही असो, पलंगावर, ऑपरेशनच्या टेबलावर, अपघातानंतर रस्त्यावर, वर्णन करताना तो असाच उभा आहे असं मानून करायचं.

या उभं राहण्याच्या सगळ्यात जवळची मूर्ती मला कुंभोजला दिसली. बाहुबलीची कायोत्सर्ग मुद्रा : ताठ देह, समोर नजर, दोन्ही हात मोकळे खाली सोडलेले. विठ्ठलाचीही पावलं सम आहेत, नजर समोर आहे, पण हात कमरेवर आहेत. बाहुबलीचे तळहात मांड्यांकडे आहेत, तेवढे पुढे वळवले की शास्त्राची स्थिती पूर्ण होते.

ते तळहात पुढे का वळवायचे, हे मी मुलांना पुस्तकातून सांगत नसे. इथे बसलेल्यांनीही करून पाहावं. हात खाली सोडा, तळहात पुढे ठेवा आणि दुसऱ्या हाताने कोपरापासून मनगटापर्यंत चाचपत या. दोन हाडं शेजारी शेजारी समांतर आहेत, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या बाजूचं. आता तळहात मागे वळवा. करंगळीकडचं हाड जवळजवळ जागच्या जागी राहतं, अंगठ्याकडचं त्याच्यावरून आडवं जातं, दोघांची फुली होते. अंगठा, जो आत्तापर्यंत बाहेरच्या बाजूला होता, तो मांडीकडे येतो. 'हाताच्या बाहेरच्या बाजूला जखम' एवढंच कुणी लिहिलं तर ती जखम अंगठ्याकडे की करंगळीकडे, हे तळहात कुठे होता यावर ठरेल. तळहात एकदा पुढे ठरवले की प्रश्नच उरत नाही.

मला या ठरावात अजून एक गोष्ट दिसते. डिसेक्शन टेबलावरचा देह आडवा असतो. तो कधीच उठणार नसतो. तरी त्याच्या शेजारी उभे राहून आम्ही बोलतो तेव्हा त्याचं डोकं 'वर' असतं, पाय 'खाली' असतात, छाती 'पुढे' असते. त्याच्याविषयीचं प्रत्येक वाक्य त्याला उभं करतं. आंद्रेआस वेसालियसने १५४३ मध्ये बाझेलला छापून घेतलेल्या त्याच्या महान ग्रंथात हेच डोळ्यांना दाखवलं. त्याची स्नायूंची चित्रं पाहा : कातडी काढलेली माणसं तिथे टेबलावर पडलेली नाहीत, ती मोकळ्या माळावर उभी आहेत, पाठीमागे टेकड्या आणि गावं आहेत. त्याच बाझेल शहरात १८९५ मध्ये शरीररचनातज्ज्ञांनी नावांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी मान्य केली. तोवर युरोपात एकेका भागाला देशागणिक आणि विद्यापीठागणिक वेगवेगळी नावं होती. सगळी मिळून सुमारे पन्नास हजार नावं जमली होती, ती पाच हजारांच्या आसपास आणली गेली. पुढे १९५५ मध्ये पॅरिसला नवी यादी झाली आणि १९९८ मध्ये आणखी नवी परिभाषा आली. दिशांचे शब्द या सगळ्या याद्यांचा कणा आहेत, कारण हजारो नावांत 'पुढचा', 'मागचा', 'वरचा', 'आतला' हीच विशेषणं पुन्हा पुन्हा येतात.

आता आपल्याकडच्या शब्दांकडे वळते. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे पुढचा आणि 'पश्चिम' म्हणजे मागचा. दिशांची नावं नंतरची, शरीराची आधीची. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस कल्पा. त्याच्या पुढे पूर्व, पाठीमागे पश्चिम, आणि 'दक्षिण' या शब्दाचा अर्थच उजवा, कारण उजव्या हाताला ती दिशा येते. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला ठेवायचा असतो, तोच हा दक्षिण. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पृथ्वीच्या दिशा माणसाच्या देहावरून ठेवल्या. हे आजही योगासनांच्या नावांत जिवंत आहे. पश्चिमोत्तानासनात आपण पाय पसरून पुढे वाकतो, मग त्याचं नाव पश्चिमेवरून का? कारण ताण येतो तो टाचेपासून डोक्यापर्यंतच्या मागच्या बाजूवर, देहाच्या पश्चिमेवर. उलट पूर्वोत्तानासनात पुढची बाजू ताणली जाते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात या नावांचा अर्थ असाच उलगडला आहे. पहाटे सतरंजीवर वाकणाऱ्या हजारो मराठी माणसांना ठाऊकही नसतं, की ते अँटेरिअर आणि पोस्टेरिअर हे शब्दच अंगाने उच्चारत आहेत.

शरीराचे तीन मुख्य छेद असतात, आणि तेही आपल्या अंगावर रोज आखलेले असतात. देहाचे डावा आणि उजवा असे दोन भाग करणारा छेद कुठून जातो? भांगातून. कवटीच्या हाडांच्या जोडांना सुश्रुताने 'सीमंत' म्हटलं आहे, डोक्यावरच्या मर्मांत तो पाच सीमंत मोजतो, आणि सीमंत म्हणजे भांगच. युरोपीय वैद्यांना कवटीच्या मधल्या जोडात बाण दिसला म्हणून त्यांनी त्याला लॅटिनमधल्या बाणावरून सॅजिटल म्हटलं, आणि त्याला समांतर जाणाऱ्या छेदाला तेच नाव पडलं. सुश्रुताला तिथे केस विंचरून सरळ काढलेली रेघ दिसली. दुसरा छेद पुढचं आणि मागचं वेगळं करतो. लॅटिनमध्ये तो मुकुटावरून कोरोनल झाला, आपल्या मुलींच्या डोक्यावर तो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लावलेल्या हेअरबँडच्या जागी आहे. तिसरा आडवा, वरचं आणि खालचं वेगळं करणारा. तान्ह्या बाळाच्या कमरेचा करगोटा ज्या पातळीत असतो, ती ही पातळी. भांग, हेअरबँड, करगोटा एवढं सांगितलं की पहिल्या वर्षाच्या मुलांना छेद पुन्हा समजावावे लागले नाहीत.

सुश्रुताचं नाव आलंच आहे तर थोडी रेंगाळते. आपल्या संहितेतल्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो देह पाहण्याची रीत सांगतो. विषाने न मेलेला, दीर्घ आजाराने न खंगलेला देह घ्यावा, आतड्यांतला मळ काढावा, देह गवताने गुंडाळून पिंजऱ्यात ठेवून एकांतातल्या वाहत्या पाण्यात सोडावा, सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. आमच्या हातातल्या स्कॅल्पेलची जागा त्याने पाण्याला आणि वाळ्याला दिली. उत्तान म्हणजे वरवरचं आणि गंभीर म्हणजे खोलवरचं, ही जोडी आयुर्वेदात वातरक्ताच्या दोन प्रकारांसाठी येते. सुपरफिशिअल आणि डीप यांचं इतकं नेमकं भाषांतर मला दुसरं माहीत नाही. आणि सुश्रुताच्या शरीराचा केंद्रबिंदू बेंबी आहे. नाभीपासून चोवीस धमन्या निघतात असं तो मानतो : दहा वर जाणाऱ्या, दहा खाली जाणाऱ्या, चार तिरक्या. आज आपल्याला माहीत आहे की रक्तवाहिन्या बेंबीपासून निघत नाहीत. पण जन्माआधी बाळाचं सारं पोषण नाळेतून, बेंबीतूनच येतं, आणि आजही पोटाचे चार भाग पाडताना डॉक्टर दोन रेषा बेंबीतूनच ओढतात. अपेंडिक्सची दुखरी जागा शोधताना उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पतात आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट दाबतात. अमेरिकन सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये हे सांगितलं.

सुश्रुत हातापायांना 'शाखा' म्हणतो. चार शाखा, मध्य आणि शिर अशी त्याची सहा अंगं. शाखा म्हटलं की समीपस्थ आणि दूरस्थ, म्हणजे प्रॉक्सिमल आणि डिस्टल, वेगळं शिकवावं लागत नाही. फांदी कुठेही वळो, वर जावो की जमिनीला टेको, तिचा बुंध्याकडचा भाग आणि शेंड्याकडचा भाग बदलत नाही. हात डोक्यावर नेला तरी कोपर मनगटापेक्षा बुंध्याजवळच राहतो. मघाशी 'कोपराच्या वर' म्हणजे काय, हा प्रश्न अडला होता. त्याचं उत्तर झाडात होतं.

आता एक गोष्ट, जी मला या विषयात सर्वांत सुंदर वाटते. बैल उभा आहे असं कल्पा. त्याचं तोंड पुढे, शेपूट मागे, पाठ वर, पोट खाली. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि सगळं फिरलं. डोकं वर गेलं, पोट पुढे आलं, पाठ मागे गेली. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांचा 'पुढचा' आणि आमचा 'पुढचा' एक नाही. बैलात डोक्याकडचं ते पुढचं, माणसात पोटाकडचं ते पुढचं. पण 'पोटाकडचं' आणि 'पाठीकडचं', लॅटिनमधलं व्हेंट्रल आणि डॉर्सल, हे शब्द बैलालाही चालतात, माणसालाही, आणि रांगणाऱ्या बाळालाही. प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनने माकडांची आणि डुकरांची शरीरं उघडून माणसाविषयी लिहिलं, आणि शतकानुशतकं वैद्य त्याचं तेच शिकत राहिले. वेसालियसने माणूस उघडून पाहिला तेव्हा त्यातल्या कितीतरी चुका उघड्या पडल्या.

मग स्वतःच्या पायाकडे बघा. पावलाच्या वरच्या भागाला शास्त्रात डॉर्सल म्हणतात, पाठीकडचा! जिथे बोट ठेवून डॉक्टर पायाची नाडी बघतात, तो भाग. पाठीकडचा कसा? उत्तर गर्भात आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात, हातापायांचे कोंब वाढत असताना ते स्वतःभोवती वळतात. हात बाहेरच्या बाजूला, पाय आतल्या बाजूला, दोघेही काटकोनाएवढे आणि एकमेकांच्या उलट. म्हणूनच आपल्या कोपराचं टोक मागे असतं आणि गुडघ्याचं पुढे. म्हणूनच हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला आहे आणि पायाचा अंगठा आतल्या बाजूला. हात सरळ करणारे स्नायू दंडाच्या मागे आहेत, पाय सरळ करणारे मांडीच्या पुढे. जुनी दिशा नावात राहून गेली, शरीर मात्र वळलं. सर हे शिकवताना गुडघा आणि कोपर एकाच वेळी वाकवून दाखवत आणि वर्गाकडे इतक्या आनंदाने बघत, की मागच्या बाकांवरची मुलंही कोपर वाकवू लागत.

नावं मात्र कधीकधी शरीराला सोडून जातात, हेही सांगायला हवं. हृदयाचं उदाहरण गंभीर आहे. हृदयाची उजवी बाजू आणि डावी बाजू असं आपण शाळेपासून शिकतो आणि चित्रात शेजारी शेजारी दोन-दोन खोल्यांची दोन घरं काढतो. छातीत हृदय तसं नाही. 'उजवी' जवनिका बरीचशी पुढे, छातीच्या हाडाच्या लगेच मागे आहे. छातीत पुढून चाकू घुसला तर बहुतेक वेळा पहिल्यांदा तीच जखमी होते. 'डावी' कर्णिका सगळ्यात मागे, अन्ननलिकेला टेकून आहे, म्हणून अन्ननलिकेतून सोनोग्राफी केली की ती इतकी स्वच्छ दिसते. ही नावं कशी पडली? हृदय बाहेर काढून, टोकावर उभं धरून, टेबलावर पाहत असताना. एका महत्त्वाच्या रक्तवाहिनीला आजही पोस्टेरिअर, मागची, म्हणतात. प्रत्यक्षात ती हृदयाच्या खालच्या बाजूने, श्वासपटलावर टेकलेल्या पृष्ठभागावरून जाते. आणि तिथे झटका आला की ईसीजी वाचणारे डॉक्टर त्याला 'खालच्या भिंतीचा झटका' म्हणतात. एकाच जागेला शवाच्या टेबलावर एक नाव आणि जिवंत माणसाच्या बिछान्याजवळ दुसरं. अवयव माणसाच्या बाहेर काढला की त्याला दिशा राहत नाही, ती आपण देतो. म्हणून मी हृदय नेहमी आधी छातीत, जागेवर ठेवूनच शिकवलं.

मराठीकडे परतते. आमच्या पुस्तकांत सुपाइन आणि प्रोन हे शब्द आले की मुलं पाठ करत बसतात. मराठी घरात तान्हं बाळ असेल तर हे दोन शब्द रोज बोलले जातात : उताणं आणि पालथं. 'पालथं पडायला लागलं का?' हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते. तळहात वर धरला की उताणा, ओंजळीसारखा. उपडा केला की पालथा. तळहाताच्या उलट बाजूला जुनी माणसं 'मळहात' म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण रोजच्या इंग्रजीत त्यासाठी एकापेक्षा जास्त शब्द वापरावे लागतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बिछाने संपले होते, ऑक्सिजन संपत होता, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांसाठी सूचना काढली : ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर पालथं झोपा. त्यामागे शास्त्र होतं, अंधश्रद्धा नव्हती. फुप्फुसाचा जास्त भाग पाठीकडे आहे. उताणं झोपलं की हृदय आणि पोटातले अवयव त्या भागावर भार टाकतात. पालथं झालं की तो भाग मोकळा होतो. २०१३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधल्या अतिदक्षता विभागांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. व्हेंटिलेटरवर असलेल्या, फुप्फुसं गंभीर बिघडलेल्या ४६६ रुग्णांवर तो झाला. दिवसात सोळा तास पालथं ठेवलेल्या गटात अठ्ठावीस दिवसांत १६ टक्के रुग्ण दगावले, उताण्या गटात जवळजवळ ३३ टक्के. त्या एप्रिलमध्ये मी फोनवर कितीतरी घरांना एकच वाक्य सांगितलं, 'आजोबांना पालथं झोपवा.' कुणालाही शब्द समजावून सांगावा लागला नाही.

मला याच्याबद्दल तळमळीने बोलायचं आहे. परिभाषा कोशांनी अग्र, पश्च, ऊर्ध्व, अधो, अभिमध्य, पार्श्व असे शब्द दिले, आणि शास्त्र लिहिताना ते लागतात. मी ते वापरले आहेत. पण रुग्ण येतो तो कोशातून येत नाही. तो म्हणतो, फऱ्यात भरून आलंय, खुब्यात दुखतंय, ओटीपोटात कळ येते, नडगीला मार लागलाय, पोटरी आवळते, माकडहाडावर आपटलो. यातला प्रत्येक शब्द नेमकी जागा सांगतो. नडगी म्हणजे पुढची बाजू, पोटरी म्हणजे मागची. त्यात दिशा आधीच आहे. शहरात वाढलेल्या, इंग्रजी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांना खुबा कुठे असतो हे माहीत नसतं, आणि मग बाई 'खुबा' म्हणते तेव्हा ते कंबर लिहितात. शब्द गेला की जागा गेली. बोटांच्या बाबतीत तर मराठी कित्येक अर्थांनी सुरक्षित आहे. 'तिसरं बोट' म्हटलं तर अंगठा धरून की सोडून, हा घोळ जगभर होतो, म्हणूनच शस्त्रक्रियेच्या कागदांवर बोटाचा आकडा न लिहिता नाव लिहा असं सांगतात. आपल्याकडे तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी ही नावं घराघरांत आहेत.

इंटर्नशिपच्या काळातली एक गोष्ट सांगते. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक शेतकरी बाई भरती होत्या. केसपेपरवर बाजू लिहिणाऱ्याने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून लिहिली होती. सकाळी त्यांच्या ज्या गुडघ्याचे केस काढले, तो दुसराच होता. ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर, त्या मला म्हणाल्या, ''पोरी, दुखतोय तो ह्यो न्हाई.'' त्या बोलल्या म्हणून निभावलं. भूल दिल्यावर त्या बोलू शकल्या नसत्या. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायची एकोणीस मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी रुग्णाने स्वतः आपलं नाव, जागा आणि शस्त्रक्रिया सांगायची, आणि जागेवर खूण केलेली असावी, हे त्यात आहे. आपण बोलताना म्हणतो, माणसामाणसांत डावं-उजवं करू नये. डॉक्टरने मात्र प्रत्येक माणसात डावं-उजवं केलंच पाहिजे, आणि ते त्याच्या बाजूने.

सरांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने हे सांगते. १९४९ चा शारीर अधिनियम आपल्या राज्यात लागू आहे, त्या कायद्यानुसार त्यांचा देह जिथे शिकवायला हवा होता तिथे आला. मुलांना नाव सांगायचं नसतं, मी सांगितलं नाही. तो माझा निवृत्तीआधीचा शेवटचा वर्ग होता. देह उताणा ठेवला होता, हात अंगालगत. बाजूच्या सेवकाने वळलेले तळहात हळुवारपणे वर केले. पहिल्या बॅचची मुलं टेबलाभोवती जमली. मी पायथ्याशी उभ्या असलेल्या एका मुलीला म्हटलं, ''उजव्या हातापासून सुरुवात कर.'' तिने एक क्षण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली.